सुनावणी नवी मुंबईत, वसुली पेण-रोह्यात

28 मार्च 2025ला राज्य वीज नियामक आयोगाने दर उतरवले. 2 एप्रिलला आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. 25 जूनला नवा आदेश काढला आणि 1 जुलैपासून तो लागूही करून टाकला. ज्याच्या खिशातून हा सगळा खेळ चालतो त्या ग्राहकाला मधल्या काळात कोणी काही विचारले का? नाही. पहिल्या आदेशाआधी निदान जाहीर सुनावणीचा सोपस्कार तरी झाला होता. लोकांनी हरकती लिहून दिल्या, ग्राहक संघटनांनी आकडे काढून दाखवले. त्यावर महिनाभर विचार करून काढलेला आदेश गुंडाळायला मात्र पाच दिवस पुरले, आणि त्या पाच दिवसांत आयोगाच्या कानाशी फक्त महावितरण ही वीज कंपनी होती. नव्या आदेशाआधीच्या पुनर्विलोकनाच्या वेळीही तेच. दर वाढवून मागायचे तेव्हा जनतेसमोर यायचे, आणि कमी झालेले दर पुन्हा मोजून घ्यायचे तेव्हा बंद दाराआड बसायचे, ही कुठली रीत?

2003च्या वीज कायद्याचे कलम 64 स्वच्छ आहे. दराचा अर्ज आला की तो प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्या आणि मगच आदेश द्यायचा. कलम 62 म्हणते की एकाच आर्थिक वर्षात दर सहसा पुन्हा बदलू नयेत. पुनर्विलोकन म्हणजे बेरीज-वजाबाकीची चूक दुरुस्त करणे, सगळे दरपत्रक नव्याने मांडणे नव्हे. पुनर्विलोकनाच्या नावाखाली अख्खे दरपत्रक बदलत असेल तर ते नवे दरपत्रकच झाले, आणि नव्या दरपत्रकाला सुनावणी लागते. एवढे कळायला वकिलाची गरज नाही.

मुख्यमंत्र्यांनी 25 जूनच्या आदेशाचे स्वागत करताना पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के दर कमी होतील असे सांगितले. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्याला त्यात खरोखरच दिलासा होता, तो नाकारायचे कारण नाही. त्याच्या वरच्या टप्प्यांत मात्र दर किंचित का होईना चढलेच. आता पेणच्या खारेपाटातल्या मे महिन्याच्या उकाड्यात दोन पंखे आणि एक फ्रीज असलेले घर शंभर युनिटांच्या आत कसे राहते, हे आयोगाच्या एखाद्या सदस्याने वडखळला महिनाभर राहून पाहावे. आणि दिवसा नऊ ते पाच वीज वापरली तर युनिटामागे 80 पैसे ते एक रुपया सवलत! हे वाचून पेणचे गणपतीचे मूर्तिकार हसले असतील. पीओपीच्या मूर्ती घडवण्यावरची बंदी उच्च न्यायालयाने 9 जून 2025ला उठवली. त्याआधीचे महिने वाट पाहण्यात गेले. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला. मग हमरापूर-जोह्यापासून पेण शहरापर्यंत कारखान्यांत रात्र रात्र दिवे जळत होते, कॉम्प्रेसर चालत होते. त्यांनी नऊ ते पाचमध्ये रंगकाम उरकून गपचूप झोपावे अशी आयोगाची कल्पना होती काय? सुनावणी पेणला घेतली असती तर हे सांगायला शंभर माणसे आली असती.

शिवाय ही सवलत नव्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या मीटरवरच. स्मार्ट प्रीपेड मीटर सर्वसामान्यांच्या घरी लावणार नाही, असे जून 2024मध्ये सरकारने जाहीर केले होते. पुढे प्रीपेड शब्द काढला, मीटर तेच. भांडुप, कल्याण आणि कोकण परिमंडळांतले या मीटरांचे कंत्राट अदानी समूहाकडे आहे. पेण मंडळ भांडुप परिमंडळात येते. मीटर बसवू का, असे दारात येऊन कोणी विचारत नाही. सवलतीचे गाजर मात्र दरपत्रकात छापून येते.

महावितरणची बाजू आम्हाला ठाऊक आहे. कृषिपंपांची थकबाकी आहे, गळती आहे, महसुलाची तूट भरायची आहे. असेल. पण ती तूट लोकांसमोर मांडायला भीती कसली?

कोकणाची सुनावणी वर्षानुवर्षे नवी मुंबईत होते. रोह्याच्या माणसाने सकाळची मेमू पकडावी, दिवसाची मजुरी किंवा दुकानाचा धंदा बुडवावा, सभागृहात तासन्‌तास बसावे आणि नाव पुकारले की पाच मिनिटांत बोलणे आवरावे. हातात काय, तर मराठी सारांश. मूळ हिशेब इंग्रजीतल्या जाडजूड याचिकेत. मग तिथे बोलतो कोण? प्रताप होगाडे यांच्यासारखे अभ्यासू कार्यकर्ते, पुण्याची प्रयास संस्था, मुंबई ग्राहक पंचायत आणि उद्योगांचे वकील. पहिल्या तिघांचे उपकारच आहेत, पण त्यांच्या खांद्यावर सगळ्या राज्याचा भार टाकून आयोगाने मोकळे व्हावे हे बरे नव्हे. धाटावच्या कारखानदारांना वकील परवडतो, रोह्याच्या गिरणीवाल्याला परवडत नाही. थकबाकीसाठी जोडणी तोडायला महावितरणचा माणूस वाडीवस्तीपर्यंत पोहोचतो. ऐकून घ्यायला आयोग पेणपर्यंतही पोहोचू शकत नाही!

विजेच्या बाबतीत रोह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. कोलाडच्या पुढे भिऱ्याला टाटांचे वीजगृह 1927पासून चालू आहे. मुळशीकरांची शेते बुडवून अडवलेले पाणी तिथे उतरते. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेव्हाही विचारले कोणाला होते? वीज मुंबईला गेली, पाणी कुंडलिकेत आले. निसर्ग चक्रीवादळाने 3 जून 2020ला खांब आडवे केले तेव्हा याच पट्ट्यातली गावे दिवसेंदिवस काळोखात होती. त्याच सुमारास टाळेबंदीची फुगलेली बिले आली. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी आधी दिलाशाची आशा लावली आणि नोव्हेंबरात हात वर केले. लाइट नसली तरी स्थिर आकार थांबत नाही, हा धडा तेव्हा घरोघरी पाठ झाला.

पेणची गोष्ट याहून कडू आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात, पाणी सिडकोच्या नवी मुंबईला, आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत उभ्या. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांना सरकारने एकदा खरोखरच विचारले होते. 21 सप्टेंबर 2008. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, यावर मतदान. नेते एन. डी. पाटील, कार्यकर्त्या उल्का महाजन आणि हजारो शेतकऱ्यांनी लढून मिळवलेला तो दिवस. गावांनी सेझ नको असा कौल दिल्याचे सगळ्या तालुक्याला कळले. सरकारने मात्र निकाल अधिकृतपणे जाहीर करायचे टाळले. लोकांना विचारायचे आणि उत्तर नकोसे निघाले की कपाटात ठेवायचे! 28 मार्चच्या आदेशाचे याहून वेगळे काय झाले?

आणि नगरपरिषदांकडे बघावे तर तिथे 2025च्या जुलैत विचारायला सभागृहच उरलेले नव्हते. पेण आणि रोहा अष्टमी नगरपरिषदांची त्याआधीची निवडणूक नोव्हेंबर 2016ची. मुदत संपून साडेतीन वर्षे झाली होती, कारभार प्रशासकाकडे होता. पाणीपट्टी असो की कचऱ्याचे शुल्क, प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता. आमच्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे नव्याने मतदार झालेल्या मुलाला सांगता आले नसते. चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी सांगावे लागले, यातच सगळे आले. तोवर हरकत नोंदवायची म्हणजे आवक-जावक खिडकीवर अर्ज देऊन शिक्का मारून घ्यायचा.

आयोगाने 25 जूनचा आदेश थांबवावा, 28 मार्चचे दर लागू करावेत आणि काही बदलायचेच असेल तर आधी हरकती मागवाव्यात. एक सुनावणी पेणला घ्यावी, एक रोह्याला, संध्याकाळी सहानंतर, म्हणजे मजुरी बुडणार नाही. महावितरणच्या पेण मंडळाच्या अधीक्षक अभियंत्यांनी हिशेबाचे कागद घेऊन समोर बसावे आणि मराठीत उत्तरे द्यावीत. तारीख तेवढी गणपतीनंतरची ठेवावी. त्याआधी पेणमध्ये कोणाला मान वर करायला फुरसत नसते.