जुनी बुलेट, लांबचा प्रवास आणि मुंग्या येणारी बोटं

गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या पत्नीने दवाखान्यात येऊन थेट मागणीच केली. "डॉक्टर, तुमचं ऐकतील ते. ती गाडी विकायला सांगा." रुग्ण ५४ वर्षांचे, नऊ वर्षांचा मधुमेह. गाडी म्हणजे १९९४ सालची बुलेट: कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, किक मारल्याशिवाय चालू न होणारी. वर्षातून दोनदा हे गृहस्थ ती घेऊन साताऱ्याहून कोकणात उतरतात. या वयात हे बंद व्हायला हवं, असं बाईंचं म्हणणं. गृहस्थ शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

माझी पंचाईत झाली. तसलीच एक गाडी माझ्याकडेही आहे आणि ती त्या वेळी दवाखान्याच्या दारातच उभी होती.

तेव्हा मी जे बोललो ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून विचारला जातो. माझं मत असं की पन्नाशीनंतर जुनी गाडी घेऊन लांब जाणं हा आपोआप वेडेपणा ठरत नाही. पण जुन्या गाडीची जी दुरुस्ती आपण पुढे ढकलतो, तिची किंमत गाडी मोजत नाही, आपलं शरीर मोजतं. आणि कुठला भाग बिघडला की शरीराचा कुठला भाग दुखणार, हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी आंबोली घाटातून सावंतवाडीला जाऊन आलो. जाताना एक दिवस, येताना एक दिवस. क्लच जड लागत होता. वायर कोरडी पडली आहे हे कळत होतं, पण निघायची घाई होती. "परत आल्यावर बघू" हे वाक्य रुग्ण मला रोज ऐकवतात, त्या दिवशी मी ते स्वतःला ऐकवलं. सोमवारी सकाळी पहिल्या रुग्णाचं मनगट हातात घेतलं आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटांना नाडीच लागेना. रुग्ण ठणठणीत होता, बधिर माझी बोटं होती. उजव्या हाताने नाडी पाहिली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण ज्याचं पोट बोटांच्या स्पर्शावर चालतं त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. पूर्ण संवेदना परत यायला बारा दिवस लागले.

बोटं काय सांगतात

मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस, एवढी सगळी मंडळी त्या एका बोगद्यातून जातात. मूठ आवळून पुन्हा पुन्हा जोर लावला की स्नायुबंधांना सूज येते, बोगद्यातली जागा कमी होते आणि नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. हाच तो कार्पल टनेल सिंड्रोम. मधुमेह किंवा थायरॉइड कमी असणाऱ्यांना तो जास्त सहज होतो.

आता घाटातला प्रवास डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वळणाला क्लच, प्रत्येक ट्रकमागे क्लच. कोरड्या वायरीमुळे दर वेळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर. त्यात इंजिनाची थरथर. एकाच सिलिंडरचं, थरथर मारणारी बॅलन्सर यंत्रणा नसलेलं हे इंजिन. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा हँडल हादरतं, आणि ते हादरे तळहातातून वर चढतात. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट थोडे जरी सैल असले तरी ही थरथर आणखी वाढते. माझ्या गाडीचे दोन सैल निघाले. ज्या चाचांकडे मी गाडी नेतो, त्यांनी पाना लावला, तो सहज अर्धा फेरा फिरला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी साखर वाढलेल्या रुग्णाकडे असाच पाहतो.

मुंग्या कुठल्या बोटांत येतात हे नीट बघा. अंगठ्याकडच्या तीन बोटांत आल्या तर मूठ फार आवळली जाते आहे. डाव्या हाताला असेल तर क्लच वायर, उजव्या हाताला असेल तर अॅक्सिलेटरची वायर तपासा. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात आल्या तर दबलेली नस वेगळी आहे, अल्नर. ती तळहाताच्या करंगळीकडच्या उशीजवळून जाते. याचा अर्थ तुम्ही शरीराचा भार हँडलवर टाकून बसता आहात. हँडलची उंची बदला, बसण्याची पद्धत बदला. बोटं थंडीत पांढरी पडू लागली, रात्री मुंग्यांमुळे जाग येऊ लागली, किंवा आठवड्याभरानंतरही बधिरपणा कायम राहिला, तर गॅरेज सोडा आणि डॉक्टरांकडे या.

कंबर, मान आणि किक मारणारा पाय

मणक्यांमधल्या चकतीला मोठेपणी स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचं पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपत येतं आणि शरीर हलतं राहिलं की ते नीट होतं. तासन्‌तास एकाच स्थितीत बसून वर धक्के खाणं तिला अजिबात मानवत नाही. धक्का मधल्यामध्ये जिरवायचं काम मागच्या शॉकअपचं. त्यांतून तेल गळत असेल तर ते काम तुमची कंबर करते. परीक्षा सोपी आहे. मागची सीट जोरात खाली दाबून सोडा. गाडी वर येऊन शांत झाली तर ठीक. पाळण्यासारखी दोनतीनदा झुलली तर शॉकअप गेले. लोक टाकीला नवा रंग देतात, क्रोमचा आरसा बसवतात आणि शॉकअप मात्र वीस वर्षांपूर्वीचेच. हे मला कधीच समजलेलं नाही.

कंबरदुखीबाबत एक गोष्ट मात्र थट्टेत घेऊ नका. पायातली ताकद कमी होणं, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, यांतलं काहीही झालं तर तो प्रवासाचा शीण नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मान आणि खांदे भरून येतात त्यालाही बहुतेकदा कारण असतं. गाडी सरळ रेषेत जात नसली की आपण नकळत दोन्ही हात ताठ धरतो. डबल स्टँडवर लावून, कुणाला तरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचला. चिमट्याची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा. 'खट्‌' असं लागलं तर कोनसेट सैल आहे. हँडल हळूहळू वळवताना मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर तो झिजला आहे, बदलायलाच हवा. टायरचंही इथेच बघून घ्या. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं.

किकबद्दल बोलायचं तर, टायमिंग चुकलेली बुलेट उलटी लाथ मारते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात गुडघा पिरगळून, घोटा सुजून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, सगळे चपलेवर. पॉइंटची गॅप आणि टायमिंग दुरुस्त ठेवा. अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन थोडा पुढे घ्या आणि मगच किक मारा. पायात बूट हवा. आमच्या वडिलांच्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं, कारण त्यांना एकदा लागलेलं असायचं.

पुंगळीचा आवाज

इथे मी थोडा चिडून लिहिणार आहे. आवाज मोठा यावा म्हणून कंपनीची पुंगळी काढून पोकळ पुंगळी बसवणारे लोक माझ्याच दवाखान्यात "कानात शिट्टी वाजते" म्हणून येतात. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. त्यात वेग वाढला की हेल्मेटमध्ये घोंगावणारा वारा इंजिनापेक्षाही मोठा होतो. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. अशा पुंगळ्या पोलीस रस्त्यावर ओळीने मांडून रोलरखाली चिरडतात तेव्हा मला, जुन्या गाडीचा मालक असूनही, बरं वाटतं.

गॅरेजमध्ये दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी

एवढं सगळं करूनही गाडी चालवणारा माणूस उरतोच. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर तसेच संपतात. आणि मग ते जुने ड्रम ब्रेक धरायला लागतात. हा दीड सेकंद वाढवणारी कुठलीही गोष्ट निघण्यापूर्वी तपासली पाहिजे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने झोप येते; सेटिरिझिननेही काहींना येते. घोरणाऱ्या, दिवसा डुलक्या काढणाऱ्या माणसाने झोपेची तपासणी करून घेतल्याशिवाय लांब जाऊ नये. दुपारी दोन ते चार हा शरीराचा पेंगायचा वेळ असतो, त्या वेळी झाडाखाली आडवं व्हावं.

पाण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. वाऱ्यावर घाम लगेच वाळतो, म्हणून घाम आलाच नाही असं वाटतं. हवा ४० अंशांची असेल तर तो वारा शरीराला थंड करत नाही, उलट तापवतो. थंडावा येतो तो फक्त घामाच्या वाळण्यातून. त्यामुळे उन्हाळ्यात अंग उघडं ठेवण्यापेक्षा झाकलेलं बरं, आणि दर थांब्याला पाणी प्यायला हवं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून ठरवावं. गोळी मनाने बंद करू नये.

आमच्या त्या गृहस्थांचा खरा धोका वेगळाच होता. त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे. या गोळीने, जेवण चुकलं तर, साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाटात हात थरथरायला लागले तर ते इंजिनामुळे की साखरेमुळे, हे कसं ओळखणार? मी विचारल्यावर त्यांनी कॅलेंडरवरून नजर काढली. मागच्या वेळी चिपळूणच्या अलीकडे असं झालं होतं, चहा-बिस्किटं खाल्ल्यावर थांबलं, असं त्यांनी हळूच सांगितलं. बाईंना हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पुढची दोन मिनिटं मी काही बोललो नाही.

मग आम्ही असं ठरवलं. निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी ग्लुकोमीटर. १०० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग निघायचं. ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज घ्यायचं आणि साखर नीट वर आल्यानंतरही पाऊण तास किक मारायची नाही. ग्लुकोज शर्टाच्या खिशात ठेवायचं, मागे दोरीने बांधलेल्या पिशवीत नाही. आणि पायांची संवेदना तपासून घ्यायची, कारण मधुमेहात पाय बधिर झालेल्या माणसाला सायलेन्सरचा चटका कळतच नाही. चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही.

विकायची केव्हा, तर यालाही माझ्याकडे उत्तर आहे. दीडशे किलोहून जड असलेली ही गाडी ज्या दिवशी कुणाच्या मदतीशिवाय डबल स्टँडवर चढवता येणार नाही, किंवा मान वळवून मागचा रस्ता बघता येणार नाही, त्या दिवशी लांबचे प्रवास थांबवायचे. गाडी ठेवा, भाजी आणायला न्या. हे दोन्ही त्यांनी मला दारात करून दाखवलं, माझ्याच गाडीवर. बाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"मागचे शॉकअप कधी बदलले होते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्यांना आठवेना.

गाडी सध्या चाचांकडे आहे. शॉकअप आले, स्विंग आर्मचे बुश अजून यायचे आहेत. गृहस्थांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी काल दिली, रिपोर्ट गुरुवारी मिळेल. कोकणात कधी जायचं ते दोन्ही हातात आल्यावर बघू, असं मी त्यांना सांगितलं आहे.