दाबाचा धडा विहिरीपर्यंत पोहोचू द्या

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलं विहिरीवर, तलावावर, बंद पडलेल्या खाणीतल्या पाण्यावर धावतात. तळाशी टाकलेलं नाणं कोण वर आणतो, याची शर्यत लागते. यातल्याच कितीतरी मुलांनी शाळेत 'द्रायूचा दाब' शिकलेला असतो. सूत्र पाठ, गणित बरोबर, मार्कही मिळालेले. पण त्या सूत्राचा आपल्या कानाशी आणि छातीशी काही संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा धडा मार्कांसाठी नव्हे, जिवासाठी शिकवायला हवा.

मी भाषेचा शिक्षक. 'द्रव' आणि 'वायू' मिळून 'द्रायू' झाला. उर्दूत त्याला 'सय्याल' म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, नियम एकच: दाब खोलीवर ठरतो, पाण्याच्या पसाऱ्यावर नाही. वीस फुटांवर अरुंद विहीर आणि मोठा तलाव सारखेच दाबतात. 'ही तर छोटीशी विहीर' हा दिलासा खोटा आहे.

दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा फुटांवरच कानाच्या पडद्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 300 ग्रॅम वजनाइतका जादा भार येतो, म्हणून कान ठणकतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की आतून हवा जाऊन दाब सारखा होतो. हे दुखण्याआधी करायचं. दुखलंच तर वर यायचं. सर्दी असेल तर बुडी मारायचीच नाही.

छातीचंही तसंच. 10 मीटरवर फुफ्फुसातली हवा निम्म्या जागेत दबते. शरीर कमी पाणी बाजूला सारतं, म्हणून तरंगण्याचं बळ घटतं. वर आरामात तरंगणारा मुलगा खोल गेल्यावर आपोआप खाली जाऊ लागतो.

सर्वांत फसवा धोका पट्टीच्या पोहणाऱ्यांना. बुडीआधी जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो आणि श्वासाची ओढ उशिरा लागते. खाली दाबामुळे उरलेला ऑक्सिजन पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि पाणी संपता संपता शुद्ध हरपते. ना हाक, ना हातपाय मारणं. काठावरच्यांना कळतही नाही.

'विहिरीवर जाऊ नको' एवढ्याने मुलं थांबत नाहीत. शिक्षकांनी भोकं पाडलेल्या बाटलीचा प्रयोग जरूर दाखवावा. खालच्या भोकातली धार जास्त जोराने येते, हे मुलांना आवडतं. पण पुढचा प्रश्नही विचारावा: तू तिथे खाली असतास तर? आणि अम्मी-अब्बांनो, मुलांना, मुलींनासुद्धा, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. एक पाण्यात असताना दुसऱ्याची नजर त्याच्यावर हवी. एकट्याने बुडी कधीच नाही.