विश्लेषण : विद्यार्थ्यांची समाजसेवा फोटोपुरतीच का उरते? कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या परिसरात काय करता येईल?

स्वातंत्र्यदिनी रोपे लावायची, गणेश विसर्जनाला निर्माल्य गोळा करायचे, २ ऑक्टोबरला हातात झाडू घ्यायचा आणि फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचे. अनेक हायस्कूलमधील सेवा मंडळांचे वर्ष असेच सरते. या उपक्रमांत वाईट काही नाही. पण दुसऱ्या दिवशी रोपाला पाणी कोण घालणार, हे ठरलेले नसते. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत तर गरजा रोज डोळ्यांसमोर असतात. शाळेत न गेलेले मूल, पगाराची स्लिप वाचता न येणारा कामगार, पाळी सुटताना ट्रक आणि सायकलींनी भरलेला रस्ता. शाळेच्या सेवा मंडळाला यात काही करता येईल का? नियम काय सांगतात? आणि मुलांना कुठे अजिबात पाठवू नये?

शाळेत समाजसेवेचे मार्ग कोणते?

आठवी ते दहावीसाठी स्काऊट-गाईड, राष्ट्रीय हरित सेना आणि रस्ता सुरक्षा दल म्हणजे आरएसपी हे ओळखीचे मार्ग आहेत. ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था १९५० मध्ये स्थापन झाली. काही शाळांत रोटरीचा इंटरॅक्ट क्लब असतो. तो १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी असतो. पहिला इंटरॅक्ट क्लब १९६२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडातील एका हायस्कूलमध्ये सुरू झाला आणि दुसरा थेट तमिळनाडूतील तंजावरमध्ये. प्रत्येक क्लबने वर्षाला किमान दोन सेवा उपक्रम करावेत, अशी अपेक्षा असते.

अकरावी-बारावीत राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे एनएसएस येते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. पुढे ती उच्च माध्यमिक स्तरावरही आली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. सात दिवसांचे विशेष शिबिर वेगळे.

ही कल्पना कोल्हापूरला नवी आहे का?

मुळीच नाही. या औद्योगिक वसाहतीच्या नावात कागल आणि हातकणंगले असे दोन तालुके आहेत, आणि दोन्ही तालुक्यांचे शिक्षणाशी जुने नाते आहे. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. हातकणंगले तालुक्यातील कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली. त्यांच्या वसतिगृहांत मुले शिकत आणि श्रमही करत. ते श्रम पाहुण्यांना दाखवण्यासाठी नव्हते. त्यावर वसतिगृह चालत असे.

तिसरे नाव जे. पी. नाईक यांचे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाने समाजसेवा हा शिक्षणाचाच भाग मानला. माध्यमिक स्तरावर एकूण ३० दिवस, उच्च माध्यमिक स्तरावर २० दिवस आणि पदवीच्या काळात ६० दिवस समाजसेवा असावी, अशी शिफारस आयोगाने केली. म्हणजे शाळकरी मुलाच्या वाट्याला वर्षाला साधारण दहा दिवस. आज प्रत्यक्षात किती दिवस मिळतात, हे पालकांनी आपल्या पाल्याच्या शाळेत विचारून पाहावे.

पंचतारांकित एमआयडीसीचा परिसर वेगळा का?

रस्ते, वीज, पाणी, सांडपाणी प्रक्रिया अशा सुविधांनी सज्ज मोठी वसाहत म्हणजे पंचतारांकित एमआयडीसी. पण वसाहतीचे नियोजन प्लॉटपुरते असते. कामावर येणारी माणसे राहतात ती कसबा सांगाव, तळंदगे, हलसवडे, हुपरी अशा गावांत आणि कागल शहरात. कोल्हापूरच्या फौंड्री आणि कापड उद्योगात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. महामार्गाने कागल ओलांडले की कर्नाटक लागते, त्यामुळे सीमेपलीकडूनही ये-जा असते. शिवाय हा उसाचा पट्टा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्यासोबत मुलेही.

अशा कुटुंबातील मूल वर्षाच्या मध्येच गावात येते. त्याच्याकडे दाखला नसतो, त्याला मराठी येत नसते आणि आई-वडील दोघेही कामावर असतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला ते खोलीवरच थांबते. तेवढ्यात एक शैक्षणिक वर्ष जाते. कोल्हापुरातील ‘अवनि’सारख्या संस्था वीटभट्टी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी याच प्रश्नावर काम करत आल्या आहेत. शाळेतील सेवा मंडळ या कामात हातभार लावू शकते.

हाताशी वेळ किती आहे?

एनएसएसच्या १२० तासांपैकी २० तास प्रशिक्षणाचे, ३० तास संस्थेच्या आवारातील कामाचे आणि उरलेले ७० तास समाजात जाऊन करायच्या कामाचे, अशी विभागणी असते. एका कनिष्ठ महाविद्यालयात १०० स्वयंसेवक धरले, तर वर्षाला ७ हजार तास होतात.

हा आकडा किती मोठा आहे? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गाला वर्षात किमान ८०० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे १०० विद्यार्थ्यांचे ७ हजार तास हे जवळपास नऊ वर्गांच्या वर्षभराच्या अध्यापनाइतके होतात. अर्थात, मुले शिक्षकांची जागा घेऊ शकत नाहीत आणि त्यांनी ती घेऊही नये. पण हे तास दहा वेगवेगळ्या ‘दिनां’मध्ये वाटले, तर हाती फक्त फोटो उरतात. एकाच गरजेला दिले, तर गावात फरक दिसतो.

विद्यार्थ्यांनी नेमके काय करायचे?

पहिले काम शाळेबाहेरच्या मुलांचे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष सुरू झाल्यानंतर आला, म्हणूनही नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. पण परराज्यातून आलेल्या आई-वडिलांना हे सांगणारे कोणी नसते. सेवा मंडळाने शिक्षकांसोबत वस्तीवर जाऊन हे सांगावे, मुलांची माहिती मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि प्रवेश होईपर्यंत पाठपुरावा करावा.

प्रवेशानंतरही काम उरते. हिंदी किंवा ओडिया बोलणारे मूल मराठी वर्गात बसले, तर पहिले काही महिने ते गप्पच असते. नववीतील एक विद्यार्थी आणि असे एक मूल, अशी जोडी लावता येईल. आठवड्यातून दोन वेळा, शाळेच्याच आवारात, एक तास. गप्पा, खेळ, पाट्या वाचणे, पाढे. यासाठी बी.एड. लागत नाही. ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते.

दुसरे काम प्रौढ साक्षरतेचे. केंद्राचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असून पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतो. विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात. अभ्याससाहित्य ‘दीक्षा’ पोर्टलवर उपलब्ध आहे. यंत्रावरची धोक्याची सूचना, पगाराच्या स्लिपवरील पीएफची कपात, मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज या गोष्टी वाचता येणे हे कामगारासाठी पैशाचे आणि कधी कधी जिवाचे प्रश्न असतात. शिकवण्याची सुरुवात तिथूनच केली, तर शिकणारा टिकतो.

तिसरे काम रस्त्याचे. शाळेत आरएसपीचे पथक असेल, तर शाळा भरताना आणि सुटताना कुठे कोंडी होते, कोणत्या वळणावर झेब्रा पट्टे किंवा गतिरोधक नाहीत, याची महिनाभर नोंद ठेवता येते. ही नोंद ग्रामपंचायत, एमआयडीसी कार्यालय आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी द्यावी. तारीख, वेळ आणि ठिकाण असलेला अर्ज ‘वाहतूक फार वाढली आहे’ अशा तोंडी तक्रारीपेक्षा अधिक वजनदार ठरतो.

काय अजिबात करू नये?

औद्योगिक वसाहतीत ‘स्वच्छता अभियान’ हा सर्वात सोपा आणि सर्वात धोकादायक उपक्रम आहे. प्लास्टिकच्या पिशव्या उचलता उचलता मुलांचा हात रसायनाचे रिकामे डबे, तेलकट चिंध्या, धातूचा चुरा किंवा तुटक्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर पडू शकतो. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी २०१६ चे स्वतंत्र नियम आहेत आणि ती जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्या उद्योगाची आहे. नाल्यात रंगीत किंवा उग्र वासाचे पाणी दिसले, तर मुलांनी त्यात उतरू नये. शिक्षकांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी.

दुसरी लक्ष्मणरेषा कामाची. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोकादायक कामांना मनाई आहे. सेवेच्या नावाखाली मुलांकडून पॅकिंग, मोजदाद, आवाराची सफाई अशी कंपनीची कामे करून घेणे ही समाजसेवा नाही. कारखाना पाहायला नेणे वेगळे आणि कामाला लावणे वेगळे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आणि सन्मानाची. पालकांची लेखी संमती, सोबत शिक्षक आणि अंधार पडण्यापूर्वी परत, हे तीन नियम मोडू नयेत. ज्यांना मदत केली, त्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नयेत. वही-पेन्सिल घेताना काढलेला फोटो त्या मुलाच्या वर्गमित्रांपर्यंतही पोहोचतो.

कंपन्यांची भूमिका काय?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर म्हणजे सीएसआरवर खर्च करायची असते. खर्च करताना स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हाच कायदा सांगतो. शिक्षणाला चालना देणे हा सीएसआरच्या मान्य विषयांपैकी एक आहे.

मात्र, आपल्या उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरले जात नाही. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रमही धरले जात नाहीत, असे केंद्र सरकारने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. त्यामुळे टी-शर्ट, टोप्या आणि फ्लेक्स यांपेक्षा कंपन्यांनी वस्ती ते शाळा वाहनाची सोय, अभ्यासिकेची खोली, पुस्तके, प्रथमोपचार पेटी अशी मदत करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या वस्तीत कोणती कुटुंबे नव्याने आली, हे ठेकेदारांना माहीत असते. ती माहिती शाळेपर्यंत पोहोचली, तरी अर्धे काम होईल.

गुण मिळणार नसतील, तर पालक तयार होतील का?

हा प्रश्न खरा आहे. दहावीच्या वर्षात क्लास, सराव परीक्षा आणि प्रवास यांतून वेळ उरत नाही. म्हणून हे काम आठवी, नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांवर सोपवणे व्यवहार्य ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना आहे. धाकट्या मुलांची गावाशी ओळख त्या दिवसांत करून देता येईल.

सवलतीचे गुण आणि प्रमाणपत्रे असावीत, त्यात गैर काही नाही. पण मोजमाप बदलायला हवे. ‘किती उपक्रम घेतले’ या रकान्याऐवजी वर्षअखेरीस किती मुले शाळेत टिकली, किती प्रौढ साक्षरता चाचणीला बसले, किती अर्जांवर कार्यवाही झाली, हे लिहिले जावे. आकडा लहान असला तरी चालेल. एका वर्षात पाच मुले शाळेत आली आणि टिकली, तर तेवढेही त्या पाच घरांसाठी पुरेसे मोठे आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

जूनमध्ये सेवा मंडळाच्या पहिल्या बैठकीत दिनविशेषांची यादी करू नये. ग्रामपंचायत, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि मुख्याध्यापक यांना बोलावून एकच प्रश्न विचारावा, की गावात या वर्षी सर्वात मोठी अडचण कोणाची आहे? जे उत्तर येईल, तेवढे एकच काम वर्षभर करावे. झाडे लावायची असतील, तर तीही लावावीत, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालणाऱ्यांची नावे त्याच दिवशी वहीत लिहावीत.

एमआयडीसीने या गावांना रोजगार दिला आणि नवे शेजारीही दिले. त्या शेजाऱ्यांची मुले शाळेत आपल्या मुलांच्या बाकावर बसतात की खोलीच्या दारात भावंडांना सांभाळत राहतात, हे पाहण्याची पहिली जबाबदारी सरकारची आहे. ती सरकारने पार पाडलीच पाहिजे. पण त्या दारापर्यंत पोहोचायला हायस्कूलच्या मुलांना सायकलवर दहा मिनिटे लागतात. शाळेने त्यांना ती दहा मिनिटे दर आठवड्याला द्यावीत.