उष्मा मोजायचा, तर तो कोणाच्या छताखाली?

उष्ण प्रदेशातील घरांची ‘ऊर्जा-कार्यक्षमता’ तपासण्यासाठी थर्मल कॅमेऱ्याचा वापर आपल्या देशात वाढू लागला आहे. विज्ञानाच्या ह्या साधनाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कोणतेही साधन वर्गविभक्त समाजात आपोआप जनतेच्या कामी येत नसते. ते कोणाच्या घरात नेले जाते आणि कोणत्या मोजपट्टीने वापरले जाते, हाच खरा प्रश्न आहे.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेलने 1800 साली ह्या किरणांचा शोध लावला. ते टिपणारे कॅमेरे विसाव्या शतकात प्रामुख्याने लष्करी गरजांसाठी विकसित झाले आणि मागाहून उद्योगधंद्यांत आले. थंड देशांत हिवाळ्यात ऊब कोठून निसटते हे त्यांनी शोधतात. आपला प्रश्न नेमका उलटा आहे. दिवसभर तापलेले छप्पर किती उष्णता आत सोडते, हे आपणास पाहावयाचे असते. छताखाली बसलेल्या माणसाला केवळ हवा गरम लागत नाही. छताकडून येणारे किरण थेट त्याच्या अंगावर पडतात. पंखा हवा हलवितो, पण हे किरण अडवू शकत नाही. काँक्रीटचा स्लॅब तर दिवसा साठविलेली उष्णता सूर्यास्तानंतरही कित्येक तास खाली ओतीत राहतो. रात्री झोप का लागत नाही, ह्याचे उत्तर कॅमेऱ्यातील त्या लाल-पिवळ्या छतात असते.

आज मात्र हा कॅमेरा मुख्यतः वातानुकूलित इमारतींतून फिरतो. गारवा कोठून गळतो व वीजबिल कसे कमी होईल, एवढेच तेथे पाहिले जाते. त्यात गैर काही नाही. पण ही मोजपट्टी सर्वांना लावली की विपरीत निष्कर्ष निघतो. पत्र्याच्या खोलीत एक दिवा व एक पंखा असतो. वीज कमी जळते, म्हणून ती खोली कागदोपत्री सर्वांत ‘कार्यक्षम’ ठरते! जेथे बिल लहान आहे तेथे बचत झालेली नसते; तेथे सोसणे झालेले असते. म्हणून श्रमिकांच्या घराचे माप विजेच्या युनिटांत नव्हे, छताच्या आतील बाजूच्या तापमानात घेतले पाहिजे.

कायद्यानेही हीच दृष्टी धरली आहे. 2018 च्या ‘इको निवास संहिते’ने छतातून शिरणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली, परंतु ती 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी. तेलंगणाने 2023 मध्ये शीत छप्पर धोरण आणले, पण लहान घरांसाठी ते ऐच्छिकच ठेवले. थोडक्यात, जेथे उष्मा सर्वाधिक तेथे नियम नाही.

ह्याची किंमत जीवाने मोजावी लागते. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले, असे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्मा कृती आराखडा तयार केला. घरांच्या प्रश्नावर 1872 साली लिहिताना एंगेल्सने दाखविले होते की, कामगार वस्त्यांतील रोगराई भांडवलदारांच्या घरात शिरू लागली तेव्हाच त्यांना त्या वस्त्यांच्या आरोग्याची आठवण झाली. कॉलऱ्याला भिंत अडवीत नव्हती. उष्म्याला मात्र वातानुकूलन यंत्र अडविते, आणि आतील उष्णता बाहेरच्या गल्लीत फेकते. म्हणून ह्या प्रश्नाची आठवण आपणहून कोणाला होणार नाही. ती संघटित शक्तीनेच करून द्यावी लागेल.

सोलापूरचे उदाहरण घ्या. विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ संघर्ष करून घरे मिळविली. 2006 साली गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरे त्यांच्या हाती आली. जानेवारी 2024 मध्ये रे नगरातील 15 हजार घरे श्रमिकांना मिळाली. विडी ही घरी वळली जाते. म्हणजे तेच छप्पर संसाराचे आणि तेच कारखान्याचे. शेड, पंखा, वीज ह्यांचा खर्च मालकाने कामगाराच्या घरावर ढकललेला असतो. तेव्हा त्या घराच्या छताचे तापमान ही केवळ घरगुती बाब नसून कामाच्या परिस्थितीची बाब आहे. तिच्यावर मालक व सरकार दोघांकडेही मागणी करता येते.

काही साथी विचारतील, उष्मा सर्वांना कळतो. मग यंत्र कशाला? मुद्दा असा की, तक्रार अधिकारी बाजूला सारतो, मोजणी सहज सारता येत नाही. मात्र मोजणी चोख हवी. नवा चकचकीत पत्रा कॅमेऱ्यापुढे खोटा थंड दिसतो, कारण तो स्वतःचे किरण कमी टाकतो व समोरचे परावर्तित करतो. त्यावर वायरमनची काळी टेप चिकटवून टेपचे तापमान वाचावे. चित्र दुपारी एकदा व रात्री निजण्याच्या वेळी एकदा घ्यावे. छपराला पांढरा चुना दिल्यावर त्याच वेळी पुन्हा घ्यावे, म्हणजे फरक सिद्ध होईल. कॅमेरा प्रत्येक घरासाठी लागत नाही. एक कॅमेरा सबंध वस्तीला पुरतो.

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. सरकारी गृहयोजनेत घर ताब्यात देण्यापूर्वी छताची उष्णता-तपासणी सक्तीची करा. जुन्या वस्त्यांतील छपरांचे काम सार्वजनिक खर्चाने करा. मोजणीचे निष्कर्ष रहिवाशांच्या हाती द्या. चुना हा घराच्या हक्काला पर्याय नव्हे, हेही विसरून चालणार नाही. पण घराचा हक्क म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री झोप देणारे छप्पर त्या हक्काचाच भाग आहे. पुढील उन्हाळ्याआधी आपल्या शाखांनी व कामगार संघटनांनी वस्त्यांतील छते मोजण्याचे काम हाती घ्यावे.