कंट्रोलचा गहू आधी तपासा

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड, हिंगणा, कठोरा या गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांच्या डोक्यांवरचे केस झडू लागले. आधी खाज, मग हात लावताच पुंजके हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या, शाळकरी पोरे होती, लग्नाला आलेले तरुण होते. कुणी लाजेपोटी डोके पूर्ण भादरून घेतले, कुणी घराबाहेर पडणे सोडले. वृत्तवाहिन्यांनी या दुःखाला 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन त्याचा तमाशा केला. तो व्हायरस नव्हताच.

पहिला संशय पाण्यावर गेला. ते स्वाभाविक होते. पूर्णा खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. येथल्या विहिरी-बोअरच्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांची मूत्रपिंडे खाल्ली आहेत. मग बुरशी झाली, शाम्पू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसह केंद्राची पथके जानेवारीत गावांत आली आणि नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र गावकऱ्यांच्या ताटाकडे पाहिले. रेशन दुकानातून, म्हणजे येथल्या भाषेत 'कंट्रोल'मधून, मिळालेला गहू त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतला. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असे त्यांचे म्हणणे. त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. त्यांच्या मते सर्वसाधारण प्रमाण ०.१ ते १.९ असते. गहू धुऊन पुन्हा तपासला, तरी आकडा १३.६१. त्यांच्या अहवालानुसार १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाली. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले होते, तर जस्त घटले होते.

गव्हातल्या १४.५२ या आकड्याचा अर्थ प्रत्येक गृहिणीला कळेल असा आहे. शंभर ग्रॅम कणकेच्या साधारण तीन पोळ्या होतात. अशा गव्हाच्या तीन पोळ्यांतून सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. प्रौढ माणसाने दिवसाला ४०० च्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांनी ठरवले आहे, आणि शरीराची खरी गरज त्याच्याही एक-सप्तमांश. कष्टकरी माणूस तीन पोळ्यांवर थांबत नाही.

शरीरात प्रत्येक विषाची साठवण निराळी. डीडीटीसारखी कीटकनाशके चरबीत मुरतात, शिसे हाडांत दडते, कॅडमियम मूत्रपिंडात. सेलेनियम धातू आणि अधातू यांच्या सीमेवरचे. ते गंधकाची जागा घेते. गव्हाच्या प्रथिनांत ते असेच बसते, म्हणून धुऊन जात नाही. केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधक भरपूर, म्हणून घाला तिथे पडतो. एप्रिल २०२५ मध्ये याच भागात लोकांची नखे वेडीवाकडी होऊन गळू लागली, तेव्हा दुसरा पुरावा समोर आला.

हे जगाला नवे नाही. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते ६४ या काळात असेच केस आणि नखे गेली. दुष्काळात भात बुडाला आणि सेलेनियमने भरलेल्या मातीतला मका व भाजीपाला खाण्यावाचून लोकांना गत्यंतर उरले नाही. आपल्याकडे पंजाबात शिवालिक पायथ्याच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचे कृषिशास्त्रज्ञ कित्येक दशके सांगत आहेत. तिथे गुरांचे केस झडतात, खूर गळतात. म्हणजे माहिती होती. ती गव्हाच्या खरेदी केंद्रापर्यंत पोहोचली नाही, एवढाच प्रश्न.

सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा मोजतात, काडीकचरा, फुटका-सुकलेला दाणा पाहतात. सेलेनियम कोणी पाहत नाही. सधन माणूस गहू बदलू शकतो, शरबती घेईल, लोकवन घेईल. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्यावर महिना काढणाऱ्याने काय बदलावे? धान्य फुकट दिले म्हणून ते निर्धोक असण्याची जबाबदारी सरकारवरून उतरत नाही. उलट ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला देताना ती दुप्पट होते.

बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव स्वतः केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. त्यांच्याच मतदारसंघातील या लोकांचे मागणे अवाजवी नाही. केंद्राच्या पथकांच्या तपासणीचे संपूर्ण निष्कर्ष मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखवावेत. बाधितांची नोंदवही ठेवून किमान पाच वर्षे त्यांची रक्ततपासणी व्हावी. केस पुन्हा उगवले म्हणजे यकृत-मूत्रपिंड सुरक्षित राहिले, असे कोणीही गृहीत धरू नये. आणि सेलेनियमयुक्त पट्ट्यातील गव्हाच्या प्रत्येक खेपेची गोदामातच तपासणी होऊन तिचा निकाल मिळेपर्यंत एक पोतेही कंट्रोलवर जाऊ नये. भारतीय अन्न महामंडळाने हा आदेश पुढच्या खरेदी हंगामाआधी काढावा.