राखणदाराने राखण करावी, कणसे मोजू नयेत



जिल्हा मेळावा जवळ आला की ठरावांचे मसुदे तयार होऊ लागतात. कोणत्याही गावचा मसुदा उघडा, सुरुवात एकच : ‘सरकारने त्वरित...’ सरकारने खरेदी केंद्रे वाढवावीत, सरकारने भाव बांधून द्यावा, सरकारने आयात रोखावी, सरकारने अनुदान द्यावे. यंदा आमचे म्हणणे उलटे आहे. आपल्या ठरावाचे पहिले वाक्य ‘सरकारने करू नये’ असे असले पाहिजे.

कोणी लगेच विचारेल, म्हणजे सरकारच नको म्हणता काय? तसे नाही. सरकार हवे, पण कशासाठी आणि किती, हे एकदा ठरवून घ्यायला हवे.

ज्वारी हुरड्यात आली की आपण राखणदार ठेवतो. त्याने माळ्यावर बसावे, गोफण फिरवावी, पाखरे हाकावीत, रात्री चोराची चाहूल घ्यावी. त्याबद्दल त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळतो. उद्या हाच राखणदार खाली उतरून सांगू लागला की, ‘ज्वारी मी म्हणेन त्यालाच विकायची, घरात मी म्हणेन तेवढीच ठेवायची, पुढच्या साली मी परवानगी देईन तेच बियाणे पेरायचे’, तर आपण काय करू? त्याच संध्याकाळी त्याचा हिशेब चुकता करू. सरकार म्हणजे हाच राखणदार. माणसाचा जीव, त्याचा माल आणि त्याने दिलेला-घेतलेला शब्द या तिन्हींची राखण करणे, एवढे त्याचे काम.

हा विचार काल-परवाचा नाही. १८६२ साली जर्मनीतले समाजवादी नेते फर्डिनांड लासाल यांनी अशा मर्यादित सरकारला ‘रात्रीचा पहारेकरी’ म्हणून हिणवले होते. पुढे अमेरिकेतले तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले की न्यायाला धरून चालणारे सरकार असेल तर ते पहारेकऱ्याएवढेच असेल. त्याहून मोठे झाले की ते माणसाच्या हक्कात हात घालते. आपल्या देशातही ही भाषा बोलली गेली, आणि तिचा धागा थेट कापसाच्या मुलखाला जोडलेला आहे. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्याने आपली जमीन एकत्रात टाकावी, असा तो बेत. त्याला विरोध करत त्याच वर्षी राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द राजाजींनीच रूढ केला. ते राज्य कारखानदाराला जाचले हे सगळे जग सांगते. पऱ्हाटीवाल्याला ते किती जाचले, हे आपणच सांगायला हवे.

आठवा कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७१ चा कायदा, १९७२ च्या हंगामापासून अंमल. नाव काय तर शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवणे! आणि सोडवले कसे? शेकडो व्यापारी काढून एकच व्यापारी ठेवला, आणि त्याच्या हातात पोलीस दिले. आपल्या घामाचा कापूस दुसऱ्याला विकणे हा गुन्हा ठरला. बंडी राज्याची सीमा ओलांडू लागली की चोरीचा माल धरावा तशी धरली जाई. संकलन केंद्रावर रांगेत दिवस काढायचे, ग्रेडर म्हणेल ती प्रत मान्य करायची, चुकारा येईल तेव्हा घ्यायचा. काही हंगामांत योजनेचा भाव बाजारापेक्षा चढा होता हे खरे. तेव्हा परराज्यातला कापूस महाराष्ट्रात शिरला, तोटा तिजोरीवर पडला आणि चुकारे थकले. बाहेर भाव जास्त असला की शेतकरी बुडे, कमी असला की योजना बुडे. २००२ च्या सुमारास तो एकाधिकार संपला. संपला तो तिजोरीला परवडेना म्हणून. आपला माल आपण कोणालाही विकू शकतो, हा हक्क मान्य झाला म्हणून नव्हे.

हक्क मान्य झाला नाही, याचा पुरावा हवा? १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा पाहा. १९७६ साली तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातला गेला. हेतू हा की मूलभूत हक्काचे नाव घेऊन त्याविरुद्ध न्यायालयात कोणी जाऊ नये. १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदेही तपासता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. कायदा मात्र आहे तिथेच आहे. २०२० मध्ये त्याचे दात थोडे बोथट करणारी दुरुस्ती झाली, ती २०२१ मध्ये इतर दोन कृषी कायद्यांबरोबर मागे गेली. मग २ जून २०२३ रोजी तूर आणि उडीद यांच्यावर साठ्याची मर्यादा आली. व्यापाऱ्याने जास्त तूर ठेवायची नाही म्हणजे त्याने जास्त तूर विकतही घ्यायची नाही. पऱ्हाटीत दोन ओळी तूर घालणाऱ्याने मग कोणाच्या दारात पोते टाकायचे?

कापसाचेही तेच. एप्रिल २०१० मध्ये निर्यातीला लगाम. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा निर्यातबंदी. ओरड झाल्यावर आठवडाभरात माघार. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर केला, आणि वेचणी तोंडावर असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून, रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. एका हाताने हमी द्यायची आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडायचा, असा हा कारभार.

इथे आम्ही एक कडू गोष्ट सांगतो. आम्ही शुल्काची भिंत मागत नाही. सूतगिरणीने रुई कुठूनही घ्यावी, तो तिचा हक्क आहे. पण मग आमच्या कापसाला जगातले कोणतेही गिऱ्हाईक मोकळे हवे, बाराही महिने. आणि बियाणेही मोकळे हवे. अमेरिका आणि ब्राझीलचा शेतकरी तणनाशकाला दाद न देणारे वाण खुलेआम पेरतो. त्याची रुई २०२५ मध्ये आपल्या बंदरात बिनशुल्क उतरली. तेच वाण आपण पेरले तर गुन्हा! १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकऱ्यांनी हे बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा कायद्यात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड लिहिलेला होता. ज्याचे हातपाय बांधले आहेत त्याला मोकळ्या पैलवानापुढे उभे करायचे, आणि हरला की ‘हा शेतकरीच मागासलेला’ म्हणायचे!

बरे, ज्या कामासाठी राखणदार ठेवला ते काम तरी तो करतो काय? रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले हात बांधले आहेत. डुक्कर मारायचे तर परवानगी मागत फिरा. स्वतः राखणार नाही आणि आम्हालाही राखू देणार नाही! बियाणे बोगस निघाले तर पंचनाम्यापासून निकालापर्यंत किती हंगाम जातात? व्यापारी पैसे बुडवून पसार झाला तर दिवाणी दाव्याचा निकाल बापाला मिळतो की नातवाला? जिथे सरकार खंबीर हवे तिथे ते झोपलेले आहे. जिथे त्याचे काही काम नाही तिथे ते डोळ्यात तेल घालून बसले आहे.

आता नेहमीचा प्रश्न. सरकार बाजूला झाले तर व्यापारी लुटणार नाही काय? व्यापारी साधू नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एक व्यापारी लुटू लागला तर बंडी दुसऱ्याच्या दारात नेता येते. सरकारने लुटले तर बंडी न्यायची कुठे? काट्यात पाप करणाऱ्याला पकडणे, शब्द मोडणाऱ्याकडून वसूल करून देणे, हे सरकारने जरूर करावे. ती राखणच आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : मग हमीभाव, कर्जमाफी सोडून द्यायची काय? इतकी वर्षे बंद्या आणि लेव्ही लावून जे काढून नेले, त्याची भरपाई हे देणे आहे. देणे वसूल करायचे, त्याला भीक म्हणायचे नाही आणि उपकार म्हणून डोक्यावर घ्यायचे नाही. पण वसुली वेगळी आणि कायमचा आसरा वेगळा. जो भाव बांधून देतो त्याच्याच हातात भाव पाडण्याची दोरी राहते. मायबाप म्हटले की त्याने कान धरायचा हक्कही आपणच दिला. जितके मागू तितके त्याचे हात लांब होतील, आणि ते हात शेवटी आपल्याच खळ्यापर्यंत पोचतील.

म्हणून या मेळाव्यात चार ओळींचा ठराव करू. शेतमालाच्या खरेदी, विक्री, साठवण, वाहतूक आणि निर्यातीवर सरकारने बंदी घालू नये. आवश्यक वस्तू कायद्यातून शेतमाल वगळावा आणि तो कायदा नवव्या परिशिष्टाबाहेर काढावा. जगातला शेतकरी जे बियाणे पेरतो ते पेरण्याची आम्हाला मुभा असावी. आणि पोलीस, न्यायालय, रस्ता, काटा ही राखणदाराची कामे सरकारने चोख करावीत.

मतांचा जोगवा मागायला जो कोणी गावात येईल, मग त्याचा झेंडा कोणताही असो, त्याला ‘काय देणार?’ हे विचारू नका. ‘काय करणे थांबवणार?’ हे विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याची गाडी पुढच्या गावाला जाऊ द्या.