उकळलेले पाणी आणि भूजल

कारखान्यालगत राहणारे रुग्ण मला विश्वासाने सांगतात, "डॉक्टर, बोअरचे पाणी बाळालाही उकळूनच देतो." उकळल्याने जंतू मरतात, क्रोमियम, शिसे, नायट्रेट मात्र तसेच उरतात. भोपाळचा कीटकनाशकांचा कारखाना १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर बंद पडला. आवारातील कचऱ्याची रसायने मात्र भूजलात झिरपत राहिली. अखेर २००४ मध्ये भोवतालच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. अतिउपशाने पातळी खालावली, की दूषित भूजल आपल्या बोअरकडे ओढले जाऊ शकते. म्हणून पातळीची नोंद ठेवा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धातूंसह रासायनिक तपासणी करून घ्या. एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास ते पाणी पिणे त्याच दिवशी थांबवा.